खडी

टायरची हवा थोडी सोडली
की खडी बोलायला लागते.
आधी नुसती कुरकुर, मग एकेक दगड वेगळा ऐकू येतो.
शुक्रवारी पहाटे पाचला निझवाहून निघतो,
बाटलीत मीठ-साखरेचं पाणी, खिशात चार खजूर
आणि कंपनीचं ओळखपत्र, सवयीनं.

आई म्हणायची, अभ्यास कर, नाहीतर खडी फोडायला जाशील.
गेलो नाही.
तीन महिन्यांचा पगार घालून
खडीवर चालणारी सायकल घेतली.
हे तिला अजून सांगितलेलं नाही.

गावाचं नाव बिरकत अल मोझ, म्हणजे केळीचं तळं.
केळी थोड्या, खजूर फार.
बागेत शिरलं की हेल्मेटखालचा घाम
दिवसात पहिल्यांदा गार लागतो.
पाट वळतो तसा मी वळतो.
इथे त्याला फलज म्हणतात, माझ्या तोंडात पाटच येतं.
एका बाजूला पाणी, दुसरीकडे पुरुषभर खाली
लसूणघासाचे वाफे,
मधल्या दोन हात वाटेवर मी,
श्वाससुद्धा सरळ रेषेत घेत.

नीरेच्या डाव्या कालव्यावर अण्णा पाटकरी होते.
चोवीस इंची सायकल, दांडीला कंदील, कॅरिअरला वही.
मुरमाच्या रस्त्यानं रात्री दोनला निघायचे.
कुणी दार फोडलं, कुणाची पाळी चुकली,
कुणाचा ऊस दुसऱ्याच्या पाण्यावर वाढतोय.
त्या सायकल चालवण्याला नाव नव्हतं.
ड्यूटी होती.

पुढे वादी लागते.
आमच्याकडे वादी म्हणजे फिर्याद घेऊन आलेला.
इथे वादी म्हणजे नदीची जागा, नदी वगळून.
गोटे आधी लिंबाएवढे, मग भाकरीएवढे, मग डोक्याएवढे,
पुढचं चाक आपलं आपणच ठरवतं कुठे जायचं ते.
तारखेवर तारीख पडते आणि पाणी गैरहजर.
पण कड्यावर, माझ्या डोक्याच्या बरंच वर,
काटक्यांचा पुंजका अडकलाय,
त्यात प्लास्टिकची एक चप्पल, लहान मुलाच्या मापाची.
मी तिथे थांबत नाही.

परतताना समुरच्या झाडाखाली काटा गेला.
समुर म्हणजे बाभळीची चुलतबहीण, काटा सख्खाच.
टायरमधलं पांढरं औषध उन्हानं केव्हाच सुकलेलं,
जवळची ट्यूबही कुठेतरी फुसफुसणारी.
हवा भरली आणि हात आपसूक पाटाकडे गेला,
बुडवायला.

"ला, ला!"
खमीस बिन नाभान, या पाण्याचा अरीफ.
इथवर प्यायचं. त्याखाली मशिदीचं.
मग अंघोळीचं. मग झाडांचं.
एकेक बोट दुमडत त्यानं सांगितलं,
अंगठा तेवढा उरला.
मग बागेतल्या मोफिजुलला हाक मारली,
त्यानं बादली आणली.
आम्ही तिघं बादलीवर वाकलो.
बुडबुडा मोफिजुललाच आधी दिसला.
कुमिल्लात माझं पंक्चरचंच दुकान होतं, तो हिंदीत म्हणाला,
ओला अंगठा भोकावर तसाच दाबून.

तेवढ्यात अरीफ उठला.
अंगणात रोवलेल्या काठीची सावली पाहिली,
मनगटावर घड्याळ होतं, ते नाही पाहिलं.
एक दगड काढला, एक चिंधी कोंबली,
पाणी क्षणभर घुटमळलं
आणि दुसऱ्या बागेत गेलं.

रात्री फोनवर अण्णांना सगळं सांगितलं.
वादी, काटा, बादली, कुमिल्ला.
सायकलची किंमत सोडून.
ते ऐकत राहिले. मग म्हणाले,
पाणी वळवलं म्हणतोस,
पाळी कुणाची होती?

मी विचारलंच नव्हतं.

पुढल्या शुक्रवारी विचार, म्हणाले.
वहीत लिही.
आणि सही घे.